फाडकन् आणि हळूहळू

मूर्तिजापूरच्या स्टेशनात शकुंतला गाडीचं इंजिन यवतमाळकडे निघायच्या आधी उभं असलं, की मधूनच त्याच्या डोक्यावरून वाफेचा पांढरा झोत सुटायचा. आवाज इतका की फलाटावरच्या बाया पदरानं लेकरांचे कान झाकायच्या. आम्ही पोट्टे म्हणायचो, इंजिन रागावलं. एकदा ड्रायव्हरनं वरूनच सांगितलं, "राग नाई येत तिले. पोट भरलं, म्हून ढेकर देते." मँचेस्टरला 1921 साली घडलेलं ते इंजिन 1994 च्या एप्रिलमध्ये डिझेलला जागा देऊन थांबलं. तोवर मी आयटीआय करून अकोल्याच्या एमआयडीसीत लागलो होतो, आणि ढेकर देणाऱ्या त्या नगाला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात हे मला पाठ झालं होतं. समजलं मात्र नव्हतं. समजायला आणखी दहा-बारा वर्षं लागली, आणि त्यात काही लोकांचं नुकसान झालं.

पहिला कारखाना सॉल्व्हंटचा. सरकी आणि सोयाबीनच्या ढेपेतून हेक्झेननं तेल काढायचं. बॉयलरच्या पाटीवर दाब लिहिलेला 10.54. हा अडनिडा आकडा कुठून आला, हे मला कितीतरी दिवस कोडं होतं. तो म्हणजे जुन्या मापातले 150 पौंड, किलोत बदललेले. बॉयलरच्या माथ्यावर दोन सेफ्ट्या. (कारखान्यात कोणी 'सेफ्टी व्हॉल्व्ह' एवढं लांबण लावत नाही. सेफ्टी उडते, सेफ्टी गळते, सेफ्टी बसते. ती बाईमाणूस असते.) त्यातली एक सतत फुसफुसायची. सेठला ती फुसफूस म्हणजे कोळशाच्या पोत्याला पडलेलं भोक वाटायची, आणि हिशेबानं त्याचं चुकतही नव्हतं.

आमच्या मिस्त्रीनं एका रात्रपाळीत शिशाचं सील कापलं. "लय गयते बावा हे. पाना आन." मी पाना दिला. त्यानं स्प्रिंगवरचा स्क्रू दोन आटे आवळला आणि फुसफूस थांबली. दुसऱ्या दिवशी सेठनं चहा पाजला. तो सगळा हंगाम ती सेफ्टी गप्प होती, आणि गप्प सेफ्टी म्हणजे चांगली सेफ्टी, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

मग एका दुपारी लाइट गेली. प्लांट जागच्या जागी थांबला, वाफ खाणारं कोणी उरलं नाही, आणि भट्टीत मात्र आग पूर्ण. गेजचा काटा लाल रेघेवर आला, ओलांडून गेला. आवळलेली सेफ्टी ढिम्म. दुसरी फाडकन् उडाली, पण तिच्या एकटीच्या जिवावर सगळी वाफ बाहेर पडेना. काटा साडेअकराकडे सरकतच होता. त्या वेळी मी काय केलं, ते आजवर फार थोड्यांना सांगितलंय. मी पळालो. थेट गेटपर्यंत. आमचा फायरमन, बाळापूरकडचा म्हातारा, मागे राहिला. त्यानं पंखे बंद आहेत का पाहिलं आणि फावड्यानं जळता कोळसा बाहेर ओढत बसला. काटा उतरल्यावर मी परत आलो, तर तो भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. मला काही बोलला नाही. पाना कोणी दिला होता, हे त्याला ठाऊक होतं.

ती सेफ्टी गळत का होती, हे कोणी विचारलंच नव्हतं. कारण साधं होतं. आम्ही बॉयलर 10.2 वर चालवत होतो आणि सेफ्टी 10.54 ला उडायची. दोहोंत बोटभर अंतर. इतक्या जवळ गेलं की सेफ्टी उडत नाही, पण घट्ट बसतही नाही, नुसती पाझरत राहते. ती पाझरणारी वाफ सीट, म्हणजे व्हॉल्व्हची चकती टेकते ती बैठक, सुरीसारखी कापते, आणि एकदा सीट कापली गेली की दाब कमी असतानाही गळती थांबत नाही. दाब अर्धा किलो उतरवून चालवला असता आणि सीट एकदा घासून सपाट (लॅप) केली असती, तर काम भागलं असतं. पुढे या धंद्यात जे शिकलो त्यातलं बरंचसं असं होतं. व्हॉल्व्ह काहीतरी सांगत असतो, आणि आपण त्याचं तोंड दाबतो.

सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला तोंडी घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांत फरक काय? मी म्हणालो, एकच, सर. साहेब हसले, पुढचा प्रश्न विचारला आणि पासही केलं. नापास केलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

बाहेरून दोघं सख्खे भाऊ. तीच बॉडी, तीच स्प्रिंग, तीच टोपी. फरक आत, डिस्कच्या, म्हणजे चकतीच्या, कडेला. सेफ्टीच्या डिस्कला ओठासारखी पाळ असते. दाब स्प्रिंगला भारी पडला की डिस्क केसभर उचलली जाते, वाफ त्या पाळीखाली शिरते, आता दाबाला ढकलायला मोठी जागा मिळते, आणि डिस्क एकदम उडी मारते. म्हणून तो फाडकन् आवाज. ती बसतेही उशिरा. 10 ला उडालेली सेफ्टी दाब साडेनऊच्या आसपास उतरल्याशिवाय मिटत नाही. या फरकाला ब्लो-डाऊन म्हणतात. बॉयलरच्या तळाचं गाळाचं पाणी सोडतात त्यालाही ब्लो-डाऊनच म्हणतात, आणि या एका नावापायी मी निदान चार पर्चेस ऑर्डरी चुकलेल्या पाहिल्या आहेत.

रिलीफला ही पाळ नसते. दाब वाढेल तसा तो उघडतो. थोडा वाढला तर थोडा, जास्त वाढला तर जास्त. पूर्ण उघडायला त्याला नेमलेल्या दाबाच्या वर 10 टक्के लागतात, जुन्या धाटणीच्यांना 25 टक्केही. तेल, पाणी अशा पातळ मालासाठी हेच योग्य. तेल दाबून आकसत नाही. पेलाभर बाहेर पडलं की दाब लगेच उतरतो. वाफेचं तसं नाही. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते. बॉयलरमध्ये ती सगळी दाबून बसवलेली असते, आणि थोडी सोडली तर खालचं तापलेलं पाणी लगेच नवी वाफ करून तेवढी जागा भरून काढतं. तिथे हळूहळू उघडून भागत नाही.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. अमरावतीकडे संत्र्याचा रस आणि मुरंबा करणाऱ्या एका छोट्या कारखान्यानं शिकवलं. तोवर मी नोकरी सोडून व्हॉल्व्ह दुरुस्तीचं शेड टाकलं होतं. तिथे मुरंब्याच्या केटल्या होत्या, दोन भिंतींच्या, मधल्या पोकळीत वाफ. पोकळी साडेतीन किलोची. बॉयलरची वाफ दहाची. मधे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, आणि तो बिघडला तर म्हणून पुढे एक सेफ्टी. जुनी सेफ्टी खराब झाली म्हणून मालकानं बाजारातून तसाच दिसणारा नग आणला. त्याची किंमत जवळपास निम्मी होती. मीच तो बसवला. तो कशासाठी आहे, हे बॉडीवरच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं. मी फक्त दाबाचा आकडा वाचला. नग पातळ मालाचा होता.

दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये गंजाचा खपला अडकला आणि दहाची वाफ सरळ पुढे गेली. माझा नग उघडला, खोटं कशाला बोलू, पण खिडकी किलकिली करावी तसा उघडला. केटलीचं आतलं भांडं पोटात गुद्दा बसावा तसं आत चेपलं गेलं. उकळता मुरंबा आढ्यापर्यंत उडाला. एका कामगाराच्या हातावर पडला; डाग राहिला, हात वाचला. मालकानं माझं बिल दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. त्याला वाटत होतं व्हॉल्व्ह उघडलाच नाही. उघडला होता, एवढंच मी सांगू शकलो असतो, आणि ते सांगून काय झालं असतं?

उलटी चूकही पाहिली. तेलाच्या पंपावर कोणीतरी बॉयलरची उरलेली सेफ्टी लावली होती. पंपाचा दाब वाढला की ती फाडकन् उघडायची, तेल पटकन निघून दाब पडायचा, ती धाडकन मिटायची, की पुन्हा उघडायची. एका मिनिटात शंभरदा. लोक म्हणायचे पंपात दगड गेला. पाइप थरथरत, क्लॅम्पचे बोल्ट सुटत. उघडून पाहिली तर सीट हातोडीनं ठेचल्यासारखी. गरजेपेक्षा मोठी सेफ्टी वाफेवर लावली तरी हेच होतं. मोठी घेतली म्हणजे जास्त सुरक्षित, या समजुतीनं किती सीटा खाल्ल्या, त्याचा हिशेब नाही.

आता एका भोकाची गोष्ट. ही मला सगळ्यांत जास्त सांगायची असते आणि सगळ्यांत कमी लोक ऐकून घेतात.

एका प्लांटमध्ये पाच-सहा व्हॉल्व्हांची तोंडं एकाच मोठ्या पाइपात सोडली होती आणि तो पाइप दूर नेला होता. यात अडचण अशी की एक व्हॉल्व्ह उडाला की त्या पाइपात दाब तयार होतो, आणि तो बाकीच्या व्हॉल्व्हांच्या पाठीवर बसतो. साध्या स्प्रिंगच्या व्हॉल्व्हाला हा पाठीवरचा दाब स्प्रिंगला जोडून मिळतो. म्हणजे तो ठरलेल्या आकड्याला उघडतच नाही, वर जाऊन उघडतो. यावर उपाय म्हणून बेलोचे व्हॉल्व्ह असतात. आत एक पातळ धातूची भाता-नळी, जी डिस्कच्या पाठीला त्या दाबापासून वेगळं ठेवते. आणि हे जमावं म्हणून बॉनेटला, म्हणजे स्प्रिंगवरच्या कवचाला, एक छोटं भोक असतं, हवेला उघडं. भाता फाटला तर त्या भोकातून माल बाहेर येतो, तोच इशारा.

साध्या व्हॉल्व्हाच्या बॉनेटला हे भोक उघडं ठेवत नाहीत. तिथे प्लग असतो. रंगकामाच्या वेळी कोणा व्यवस्थित माणसानं पाहिलं, की काही व्हॉल्व्हांना प्लग आहेत आणि दोघांना नाहीत. त्यानं दुकानातून दोन प्लग आणले, टेफलॉन टेप गुंडाळून घट्ट बसवले, वरून रंग मारला. काम इतकं नीटनेटकं होतं, की चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता भाता फाटला, की बॉनेटमध्ये दाब कोंडणार आणि व्हॉल्व्ह पाठ फिरवून बसणार. मी ते प्लग काढले तेव्हा सुपरवायझर खरोखर दुखावला. "भाऊ, त्यानं मेहनत करून लावले ना!" एका प्लगमागून मळकट तेल ठिबकलं. भाता फाटूनही बरेच दिवस झाले होते.

उघडल्यावर माल कुठे जाणार, हा प्रश्न मी तिथपासून आधी विचारायला लागलो. भोपाळच्या वायुदुर्घटनेचं उदाहरण मी शिकाऊ पोरांना देतो. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री टाकी क्रमांक 610 वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला होता. त्यानं त्याचं काम केलं. पुढे वायू धुऊन काढणारी यंत्रणा त्या लोंढ्याला पुरी पडली नाही आणि जाळून टाकणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. पोरं गप्प होतात. मग कोणीतरी विचारतं, पण सर, व्हॉल्व्ह उघडला नसता तर टाकी फुटली असती ना? हो. हाच त्यातला पेच आहे.

सगळे व्हॉल्व्ह बाहेरच सोडतात असंही नाही. सॉल्व्हंटच्या हेक्झेनच्या टाक्यांवर श्वास घेणारे व्हॉल्व्ह असतात. टाकी भरताना वाफारा बाहेर, उपसताना हवा आत. दाब इतका थोडा की स्प्रिंग लागत नाही, चकतीच्या वजनावर काम चालतं. या टाक्यांना नागपूरच्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं, कागद चोख असतात. एका पावसाळ्यात, पाणी आत जाऊ नये म्हणून, टाकीवरच्या व्हॉल्व्हाला कोणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली. भल्याच्या हेतूनंच. सकाळी पंप चालू झाला, टाकीतून माल निघू लागला, आत हवा जायला वाट नाही. वाळलेलं वांगं जसं बाजूनं आत ओढलं जातं, तशी टाकी चेपली. आतून फुटायची भीती सगळ्यांना असते. बाहेरच्या साध्या हवेनं टाकी चिरडते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. स्ट्रॉमधून काही इंच पाणी चढवायला लागते, एवढी ओढही अशा टाकीला भारी पडते. पिशवी शेवटपर्यंत शाबूत होती.

आणि आपलं ऊन! अकोल्याचा मे महिना बाहेरच्या इंजिनिअरांना कळत नाही. उघड्यावर पडलेल्या एका लांब पाइपाची दोन्ही टोकं संध्याकाळी बंद केली, आत हेक्झेन भरलेलं. दुसऱ्या दिवशी पारा 45 वर, पाइप त्याहून तापलेला. हेक्झेन तीस अंश तापलं की शंभराला तीन-चार फुगतं. लोखंडाला तेवढं फुगता येत नाही. फ्लँजचं गॅस्केट पिचकारीसारखं फुटलं. नशिबानं जवळ ठिणगी नव्हती. तिथे अर्ध्या इंचाचा रिलीफ व्हॉल्व्ह पुरला असता, जो थोडं हेक्झेन सोडून गप्प बसतो. हळूहळू उघडणाऱ्याची खरी जागा हीच.

पायलटवाल्या व्हॉल्व्हांशी माझं फार जमलं नाही. छोटा व्हॉल्व्ह मोठ्याला हुकूम देतो, नेमकेपणात त्याला तोड नाही, पण आपल्याकडच्या चिकट, मळकट मालात त्याच्या सुईसारख्या वाटा तुंबतात. स्वच्छ वायू असेल तिथे जरूर लावा.

घरी आई या सगळ्यात मला वरचढ ठरायची. कुकरच्या शिट्टीला ती सेफ्टी म्हणायची आणि मी दरवेळी दुरुस्त करायचो: शिट्टी म्हणजे वजनाचा व्हॉल्व्ह, रोजचा दाब धरणारा. सेफ्टी ती, झाकणावरची बारकी गोळी, मऊ धातूची, जी शिट्टी तुंबली आणि पाणी आटलं की वितळते. भट्टीवरच्या फ्युजिबल प्लगची धाकटी बहीण. डेनी पॅपाँनं सतराव्या शतकात हाडं शिजवायचा कुकर केला आणि त्याच भांड्यावर तराजूच्या दांडीसारखा पहिला सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. म्हणजे बॉयलरवाल्यांनी ही विद्या स्वयंपाकघरातून उचलली. आई म्हणाली, "मंग एवढं शिकून तू माह्याच कामाचं दुकान टाकलं."

पारसच्या वीज केंद्रात अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. तसल्या मोठ्या बॉयलरवर सेफ्टी उडवून तपासतात तेव्हा आसपासच्या गावांतून आवाज ऐकू जातो. तिथल्या एका गोष्टीचं मला कौतुक आहे. सेफ्ट्यांच्या आधी, थोड्या कमी दाबाला, विजेवर चालणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. किरकोळ चढ-उतार तो सोसतो, म्हणजे मुख्य सेफ्ट्यांच्या सीटा घासत नाहीत. माझ्या पहिल्या कारखान्याला अशी चैन परवडली नसती, पण दाब अर्धा किलो उतरवणं परवडलं असतं.

उरली माझ्या सहीची गोष्ट. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका पार्टीनं बारा व्हॉल्व्ह पाठवले, उद्या सकाळी हवेत म्हणून. नऊ तपासले. रात्रीचे दोन वाजले होते, नायट्रोजनचा सिलिंडर संपला होता. उरलेले तीन मी फक्त साफ केले, रंग मारला, आणि बाराही सर्टिफिकेटांवर सही केली. वर्षानं ते परत आले. त्या तिघांतला एक असा गंजून जाम झालेला, की कितीही दाब लावला तरी तसूभर हलला नाही. माझ्याकडून गेला तेव्हाच तसा होता की नंतर झाला, हे मला कधीच कळणार नाही. त्या वर्षात तिथे काही झालं नाही. कोणाला कळलंही नाही.

तेव्हापासून माझ्या शेडमध्ये नियम एकच. आलेला व्हॉल्व्ह आधी उघडायचा नाही, पुसायचा नाही, ठोकायचाही नाही. आहे तसा बेंचवर चढवायचा आणि पहिली उडी कितीला मारतो ते वहीत लिहायचं. साफ केल्यावर सगळेच व्हॉल्व्ह गुणी असतात. बॉयलरचा कायदा 1923 चा होता, आता 2025 चा आला. बॉयलरचा दाखला दरवर्षीचाच. वहीतले आकडे बघायला मात्र क्वचितच कोणी येतं.

गेल्या महिन्यात एक नग आला. बॉडीवर रंगाचे तीन थर, निकासाच्या पाइपाचं पाणी झिरपायचं भोक कुंभारमाशीनं मातीनं लिंपलेलं. म्हणजे पावसाचं पाणी वर्षानुवर्षं डिस्कवर साचलेलं. पार्टी म्हणाली, "नऊ वर्षांत एकदाई तकलीप नाई देली त्यानं. लय चांगला व्हॉल्व्ह आहे." पत्र्यावर 10.54. मी दाब चढवत गेलो. दहा. अकरा. बारा. चौदाला मी नायट्रोजन बंद केला आणि फोन लावला. सांगितलं, हा उघडतच नाही. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "हौ. पन सर्टिफिकेट संध्याकायलोक भेटीन ना भाऊ?"